स्टूलवाले साब

परवा दुपारी सयाजी दरवाज्यापाशी एक मोटारसायकलवाला ट्रॅफिकच्या हवालदाराला टोचून बोलत होता. हवालदार लोखंडी स्टुलावर बसला होता, हाच त्याचा गुन्हा. ‘क्यों भिया, ड्यूटी चल री है के आराम फरमा रिये हो?’ असं म्हणून तो आजूबाजूच्या लोकांकडे दाद मागत होता. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात डोक्यावर ऊन. मी गाडीची काच खाली केली आणि म्हटलं, ‘और आप जो गाड़ी पे बैठे हो, वो?’ गृहस्थ वरमले आणि निघून गेले. हवालदाराने मला सलाम केला. बसल्या बसल्या केला.

देवासच्या पोलिसांत हा बसून करायचा सलाम अजून कुठेकुठे टिकून आहे. नव्या भरतीच्या पोरांना तो कुणी आणला हे माहीत नसेल. मला चांगलंच माहीत आहे, कारण तो आणणारा माणूस माझ्या दवाखान्यासमोर राहायचा. त्याने मला कधी स्वस्थ बसू दिलं नाही आणि स्वतः तर तो कधी बसलाच नाही.

दिगंबरराव इंगळे. अ‍ॅडिशनल एसपी म्हणून निवृत्त झाले, हे सरकारी कागदावर. चौकाचौकांत त्यांचं नाव ‘स्टूलवाले साब’. घराणं मूळचं धारचं. मागच्या पिढ्या तिथल्या दरबारात कारकुनी करत आलेल्या, त्यामुळे घरातली मराठी जुन्या वळणाची. माझ्याहून वयाने कितीतरी मोठे, पण मला कधी ‘अगं’ म्हणाले नाहीत. ‘डॉक्टरीणबाई, आपले भोजन झाले का?’ असं विचारायचे आणि त्याच तोंडाने भाजीवाल्याला ओरडायचे, ‘क्यों रे भिया, ये लौकी है के लाठी?’

उंच, हाडकुळे, मान किंचित पुढे. ‘बसा’ म्हटलं की ‘हो हो’ म्हणायचे आणि उभेच राहायचे. चहा प्यायचा तो दाराच्या चौकटीला खांदा टेकून. लग्नाच्या मांडवात सगळे पंगतीला बसले, की हे बाहेर गाड्यांपाशी उभे. ‘ड्रायव्हर लोग जीमे के नहीं?’ अशी चौकशी चाललेली. जेवायला बसले तरी उकिडवे. त्यांच्या पत्नी सुमनकाकू म्हणायच्या, ‘यांना वाढायचं म्हणजे सुटलेल्या गाडीत वाढायचं.’ असा माणूस दिवसभर दुसऱ्यांना एकच सांगत हिंडायचा, ‘बैठ जा.’

माझी त्यांची पहिली भेट झाली ती त्यांची देवासला बदली झाल्यावर. दवाखाना भरलेला होता आणि हे ट्रॅफिकच्या सिपायांची एक अख्खी जीप भरून आत आले. मला वाटलं मारामारी झाली. साहेबांनी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि हुकूम सोडला, ‘जूते उतारो.’ सिपाही एकमेकांकडे बघायला लागले. चोराला पकडायला सांगा, पकडतील, पण बाईमाणसासमोर बूट काढायचे म्हणजे काय? शेवटी निघाले बूट. भोवऱ्या, चिखल्या, सुजलेले घोटे, पिंढऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. वास तर असा सुटला, की बाकीचे पेशंट आपापला आजार घेऊन बाहेर गेले.

‘परेडला आम्ही यांच्या बुटांची पॉलिश बघतो,’ साहेब म्हणाले. ‘आत काय आहे ते कुणी बघत नाही. आपण बघावे.’

‘आणि तुम्ही उभे का? बसा की.’

‘हो हो,’ ते म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तिथून ‘जूते उतारो’ हा देवासच्या पोलीस लाइनीतला सगळ्यात धास्तीचा हुकूम झाला. परेडच्या आदल्या संध्याकाळी सिपायांच्या घरी नखं काढायची गडबड उडायची. बायका म्हणायच्या, लग्नातसुद्धा यांनी पाय इतके घासले नव्हते. एकदा एका ठाणेदाराची पाळी आली. मोठा दांडगा माणूस, आवाजाने गुंड कापायचे. बूट काढायला तयारच होईना. काढले तेव्हा कळलं, दहाही बोटांना गुलाबी नेलपॉलिश. धाकटी नात, आजोबा दुपारी झोपलेले पाहून कारागिरी करून गेली होती आणि याला पुसायला काही सापडलं नव्हतं. अख्खी परेड ओठ दाबून उभी. साहेबांनी वाकून ते पाय नीट पाहिले, मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, ‘इसका मतलब ये आदमी घर जाता है और घर पे सोता है. शाबाश!’ ठाणेदाराला कसली तरी चिठ्ठी मिळाली होती म्हणे त्या दिवशी, कौतुकाची. त्याने ती घरात लावून ठेवली होती.

स्टुलांचं प्रकरण मात्र एवढं गमतीचं नव्हतं. नवरात्रात आमच्या देवीच्या टेकरीवर माणसांचा पूर लोटतो. पायऱ्यांवर, वळणावळणावर पोलीस उभे. साहेबांनी त्या वर्षी प्रत्येक ठिकाणी स्टूल ठेवलं आणि सांगून टाकलं, की जोडीतला एक उभा राहील, दुसरा बसेल, आणि अधिकारी समोरून गेला तरी बसलेल्याने उठायचं नाही. सलाम करायचाच असेल तर बसून करायचा. पोलिसांत हे ऐकून लोकांना घाम फुटला. भोपाळहून आलेले एक बडे साहेब पायऱ्या चढत होते, त्यांना एका सिपायाने बसून सलाम ठोकला. बडे साहेब जागीच थांबले.

‘इंगळे, ये पुलिस है या बाराती?’

‘सर, पुलिस है.’

‘तो बैठी क्यों है?’

‘सर, थका हुआ सिपाही डंडा जल्दी उठाता है.’

मी तिथेच प्रथमोपचाराच्या टेबलाशी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं. बडे साहेब उरलेल्या पायऱ्या चढून गेले, पण पुढे साहेबांना बराच त्रास झाला. खुलासे मागवले, बढती रखडली. साहेबांनी स्टुलं काही हलवली नाहीत. वैतागून कुणी विचारलंच, तर म्हणायचे, ‘त्या नवरात्रात टेकरीवर एकाही माणसाला दंडा बसला नाही, जाऊन विचारा.’

त्यांचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. पोलीस झोपलेला असेल, जेवलेला असेल, पाय दुखत नसतील, तर लोकांचं भलं होईल. नाहीतर तोच आधी मरेल किंवा कुणाला तरी मारेल. हायवेवर नाकाबंदी करताना सिपाही हात वर करून सरळ ट्रकसमोर उडी घ्यायचे. त्यांना रस्त्यावर नेऊन हे स्वतः शिकवायचे, आधी बॅरिकेड, मग चमकणारं जाकीट, मग बाजूला उभं राहून इशारा. ‘ट्रक तुम्हारा साढू नहीं है, जो तुमको देख के रुक जाएगा!’ निवृत्त होणाऱ्या पोलिसाला शाल-श्रीफळ द्यायची रीत, यांनी ती मोडून धारकडच्या बाग गावची छापाची चादर आणि उशी द्यायला सुरुवात केली. शाल पांघरून माणूस मिरवतो, चादर पांघरून झोपतो, असं त्यांचं म्हणणं. आणि एखाद्या सिपायाला ‘नींद आती है?’ विचारल्यावर त्याने मान खाली घातली, की साहेब गाजावाजा न करता त्याची बंदूक जमा करून घ्यायचे. त्याला पोलीस लाइनीतल्या बागेचं काम द्यायचे आणि माझ्याकडे पाठवायचे. बरोबर निरोप, ‘याला ताप आहे. दिसत नाही तो, पण आहे.’ मी अशांना इंदूरला योग्य डॉक्टरकडे पाठवत असे. त्यातले बरेच जण आज नातवंडं खेळवताहेत.

हे सगळं कुठून आलं, ते एका हिवाळ्यात मटार सोलता सोलता काकूंनी मला सांगितलं. साहेब तेव्हा तरुण होते, सरदारपूरला होते. मोहनखेड्याला मोठा उत्सव आणि मंत्री यायचे होते. ऊन रणरणत होतं. बाबूलाल नावाचा एक सिपाही सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने साहेबांना विचारलं, ‘साब, दो मिनट बैठ जाऊँ?’ साहेब म्हणाले, ‘काफिला निकल जाने दे.’ काफिल्याला उशीर झाला. बाबूलाल उभ्या उभ्या कोसळला. साहेबांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं, डोकं मांडीवर घेतलं, पण दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

‘घरी आले ते बूटसुद्धा न काढता अंगणात फेऱ्या घालत राहिले,’ काकू म्हणाल्या. ‘तेव्हापासून बसणं सुटलं ते सुटलंच. तू विचारू मात्र नकोस हं. ते म्हणतील, बसलं की पाय आखडतात.’

मी विचारलं नाही. पुढे धारला त्यांचे एक शाळासोबती भेटले, ते हसून म्हणाले, ‘दिग्या? तो शाळेतही बाकावर टिकायचा नाही, मास्तर उभाच करायचे!’ तेव्हा मला जरा बरं वाटलं. इतकं मोठं ओझं एका माणसाने उभ्याने वाहावं, हे मला सोसत नव्हतं. दोन्ही खरं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्यानंतर ते माझ्या खिडकीपाशी उभे दिसले, की मला त्यांच्या शेजारी तो बाबूलालही दिसायचा. माझं कामात लक्ष लागायचं नाही.

देवासनंतर त्यांची बदली धारला झाली. तिथेही स्टुलं पोचली, बूट निघाले, चादरी वाटल्या गेल्या. मग निवृत्त होऊन ते परत आमच्या गल्लीत आले. आता तरी हा माणूस बसेल, असं सगळ्यांना वाटलं. कसलं काय! पूर्वी निदान ऑफिस होतं, आता गल्ली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. दुपारी चौकात जाऊन ट्रॅफिकवाल्याला पाणी पाजायचं, स्टुलाचा पाय डुगडुगत असेल तर लोहाराकडे न्यायचं. माझ्या दवाखान्यात येऊन पेशंटांना विचारायचं, ‘कौन सी ड्यूटी है आपकी? खड़े रहने की?’ शिंपी, न्हावी, शाळामास्तर, कुणी सुटायचं नाही.

त्यांना खरी अस्वस्थता होती ती गौरीची. गौरी त्यांची एकुलती मुलगी. ‘दुसरं काहीही कर’ असं बापाने परोपरीने सांगितलं, तरी पोलिसातच गेली, आणि तेव्हा धामनोदला टीआय होती, म्हणजे ठाण्याची मुख्य. धामनोद आग्रा-मुंबई रोडवरचं. रोज ट्रक, रोज अपघात. साहेब सकाळी फोन करायचे, ‘झोपलीस? जेवलीस?’ ती ‘हो बाबा’ म्हणायची आणि तिच्या आवाजावरून त्यांना कळायचं, की दोन्ही खोटं. फोन ठेवला की फेऱ्या वाढायच्या. दोन जिल्ह्यांच्या पोलिसांना ज्याने झोपायला लावलं, त्याला पोटच्या पोरीला झोपवता येईना.

आणि त्या फेऱ्यांत एक दिवस मला दिसलं, की साहेब डावा पाय वाचवून चालताहेत.

त्यांना साखरेचा आजार जुना. गोळ्या मीच देत होते. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम झाली तर ती त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी म्हटलं, ‘बूट काढा.’ ते हसले. ‘परेड मी घेतो, डॉक्टरीणबाई. देत नाही.’ मी दटावलं, रागावले, बोलणं टाकलं. काही उपयोग नाही. काकूंना विचारलं, तर त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, ‘अगं, मोजे घालून देवपूजा करतात! झोपतानाही काढत नाहीत. मी हात लावला की पाय ओढून घेतात.’ महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले, तर उदबत्तीच्या वासाखालून दुसरा वास आला. डॉक्टरला तो वास सांगावा लागत नाही.

मी दारातच त्यांना अडवलं. ‘साहेब, स्पष्ट बोलते. आज दाखवलात तर एखादं बोट जाईल. महिन्याने दाखवलात तर पाय जाईल. त्यानंतर काय जाईल ते मी काकूंसमोर बोलणार नाही.’

‘पाहू,’ ते म्हणाले आणि दुसऱ्या पायावर भार टाकून उभे राहिले.

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. सगळ्या जगाचे बूट उतरवणारा हा माणूस! तशीच घरी आले आणि गौरीला फोन लावला. ती ऐकून म्हणाली, ‘मावशी, परवापासून इथे बंदोबस्त आहे. तो आटपला की लगेच येते.’ खाण तशी माती! मी म्हटलं, ‘तू येऊच नकोस. त्यांना मी तिकडे आणते. मला फक्त खरं सांग, तुझे पाय कसे आहेत?’ ती आधी हसली, मग तिचा आवाज बदलला. ‘संध्याकाळी बूट निघत नाहीत, मावशी. कधीकधी तसेच ठेवून पडते.’

मी ते वाक्य जसंच्या तसं साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी काकूंना हाक मारली, टोपी घेतली आणि मला म्हणाले, ‘आपण गाडी काढावी.’

दवाखान्याला कुलूप लावून मी गाडी काढली. वाटेत गाडीत बसणं भागच होतं, पण तेही ते पुढच्या सीटच्या कडेवर, एक हात डॅशबोर्डवर ठेवून बसले. काकू मागे. मानपूरला चहाला थांबलो, तर हे उतरून लंगडत रस्त्यापलीकडे. तिथे गस्तीवरचा एक सिपाही गाडीला टेकून उभा होता. ‘बैठ जा भिया, अंदर बैठ, ट्रक की तरफ पीठ करके मत खड़ा रह.’ तो बिचारा गोंधळून बसला. मी स्टिअरिंगवर हात आपटत होते. घाट उतरताना साहेब पुढच्या ट्रककडे बघत होते आणि मांडीवर बोटं वाजवत होते.

धामनोदच्या ठाण्यात गौरी ओट्यावर उभी होती, फोन कानाला. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. बापाला पाहून तिने फोन खाली घेतला. साहेब पायऱ्या चढले, नमस्कार नाही, चौकशी नाही.

‘बूट काढ.’

‘बाबा, इथे? सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोरच काढायचे असतात. टीआयने काढले की सिपाही काढतो.’

दारातल्या पहारेकरी संतरीचं स्टूल रिकामं होतं. ती त्यावर बसली आणि नाड्या सोडायला लागली. ठाण्यातले लोक कामं टाकून बघत होते. मुंशी, दोन ड्रायव्हर, संतरी आणि भेरूलाल नावाचा एक म्हातारा हवालदार. गौरीचे पाय घोट्यापासून सुजलेले, टाचा सोललेल्या. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

‘रजा टाक,’ ते म्हणाले. ‘आजच.’

‘टाकते. आता तुमचे.’

‘माझं काय? मी रिटायर माणूस.’

‘हे ठाणं माझं आहे, बाबा. इथे हुकूम माझा चालतो.’ ती अनवाणी उठून उभी राहिली. ‘बूट काढा.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कट कुणाचा ते त्यांना कळलं असावं. मी मुळीच नजर चुकवली नाही. भेरूलालने ते स्टूल उचललं आणि साहेबांच्या मागे आणून ठेवलं.

‘बेठ जाओ साब.’

‘अरे ठीक है भेरूलाल. खड़ा हूँ.’

भेरूलाल हलला नाही. स्टुलावर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, ‘साब, बाबूलाल उस दिन मेरे बाजू में ही खड़ा था. सुबे मैंने उससे बोला था के बेठ जा जरा. उसने भी येई बोला था. ठीक है, खड़ा हूँ.’

बाहेर रस्त्यावर ट्रक चालले होते. साहेबांनी मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पूर्ण भार टाकून बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. बसल्यावर ते एकदम लहान दिसायला लागले.

बूट गौरीने काढला. मोजा जखमेला चिकटला होता. मी म्हटलं, ‘ओढू नकोस, पाणी आण.’ भेरूलालने माठातून लोटा भरून आणला, मी मोजा भिजवला आणि अलगद सोडवला. अंगठा काळा पडलेला, शेजारचं बोटही तसंच, तळव्याला खोल जखम. चिरडलेल्या गाड्यांतून माणसं बाहेर काढणारी पोरगी, तिने मान फिरवली. तरी तिने पाऊल सोडलं नाही, ओंजळीत धरून बसली. साहेब पायाकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते.

‘शेवटची कधी झोपलीस?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही कधी बसलात शेवटचे?’ ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तिने तिथूनच एसपींना फोन लावला. ‘सर, छुट्टी चाहिए... हाँ सर... नहीं सर, स्टाफ के लिए नहीं, मेरे लिए.’ पलीकडून पुन्हा विचारलं असावं, कारण तिला तेच परत सांगावं लागलं. साहेब ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. इंदूरला ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. सर्जन म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता. गौरीने बापाच्या उशाशी बसून रजा काढली आणि, नर्सने मला सांगितलं, त्यातली बरीचशी झोपून काढली. त्यानंतरही साहेब बरेच दिवस जगले. काठी घेऊन हिंडले, माझं डोकं खाल्लं, चौकातल्या पोरांना पाणी पाजलं. गेल्या थंडीत गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. झोपेत गेले हे कळल्यावर मी खूप रडले, आणि रडता रडता मला बरंही वाटलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते काठीवाले नाहीत आणि इस्पितळातलेही नाहीत. मला आठवतं ते धामनोदचं ठाणं सोडतानाचं. गौरीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर त्यांना आडवं बसवलं होतं, डावा पाय सीटवर लांब, त्यावर काकूंनी घरून आणलेली बागची लाल-काळी चादर. गौरी पुढे, स्टिअरिंगवर. मी आणि काकू माझ्या गाडीत, मागे. जीप फाटकाशी आली तसा संतरी स्टुलावरून ताडकन उठून उभा राहिला. खिडकीतून साहेबांचा आवाज आला, ‘बैठ जा!’

संतरी बावरला. टीआय मॅडम गाडीत, त्यांचे वडील गाडीत, बसायचं कसं? तो ओट्याकडे बघायला लागला. ओट्यावर भेरूलाल होता. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, तो पायरीवर बसला आणि बसून त्याने सलाम केला. मग संतरी स्टुलावर बसला. मुंशी उंबरठ्यावर बसला, ड्रायव्हर लिंबाच्या पारावर बसले. ठाण्यात उभं असं कुणी उरलं नाही, आणि सगळ्यांचे हात कपाळाशी होते.

जीप थांबली होती. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं, एकेक पाय पाहत असावेत. मग त्यांनी हात कपाळाला नेला. बसल्या बसल्या.